क्रशरची भुकटी नाल्यातून काढायची, नाला खोदायचा नव्हे

संपादक महोदय,

मोठ्या पावसात खडी क्रशरवरचा भुकटीचा ढीग फुटतो, नाला राखाडी होतो आणि दुसऱ्याच दिवशी जेसीबी पाण्यात उतरतो. पांझरा, बोरी, गिरणेला मिळणाऱ्या छोट्या नाल्यांना ही घाईच जास्त नडते. वाहत्या पाण्यात बकेट फिरले की भुकटी निघते थोडी आणि खाली वाहून जाते फार. पाऊस चालू असेतो ती अडवावी, काढावी उघडीप मिळाल्यावर.

आधी ढिगाच्या पायथ्याशी मोठ्या दगडांची पाळ घाला आणि वरचे पाणी चराने वळवा. नाल्यात दर 30-40 मीटरवर पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) घट्ट मोळ्या आडव्या टाकून दगडांनी दाबा. त्यांची टोके काठात फूटभर रोवा, मधला भाग मात्र खाली ठेवा, नाहीतर पाणी बाजूने काठ कापते. यात जाड भुकटीच अडेल. 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली बसायला दोन-तीन तास घेतो, 2 मायक्रॉनचा दोन-तीन दिवस. असे कण थेट कोल्हापूर पद्धतीच्या, म्हणजे पावसाळा सरताना दारे टाकून पाणी अडवणाऱ्या, बंधाऱ्यात जाऊन बसतात. म्हणून बंधाऱ्याची दारे टाकण्याआधी वरचा नाला साफ झाला पाहिजे.

त्या वेळी थोडे पाणी वाहत असतेच. मुरमाच्या गोण्यांचा आडवा बांध घाला, पाणी पाइपाने खालच्या बाजूला सोडा आणि मधला तुकडा कोरडा करून वरून खाली सरकत जा. दर 10 मीटरवर सळई खुपसा. राखाडी थर संपून मूळ वाळू-गोटे कुठे लागतात ते लिहून ठेवा. 300 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि फूटभर जाडीचा थर म्हणजे साधारण 95 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). मोकळा केल्यावर तो फुगतो, त्यामुळे ट्रॅक्टरच्या 110 फेऱ्या धरा. यंत्र काठावर उभे ठेवा, बकेट बिनदाताचे घ्या आणि शेवटची दोन बोटे फावड्या-घमेल्याने काढा. मशीनवाल्याचा हिशेब तासावर असतो, तो खाली जातच राहणार. पण गोट्यांचा थर गेला की काठ ढासळू लागतात. उलट भुकटी तशीच ठेवली तर वाळूची छिद्रे बुजतात आणि शेजारच्या विहिरींना पाझर मिळत नाही.

आपला दगड काळा बेसॉल्ट. 2015 मध्ये अमेरिकेत गोल्ड किंग खाणीचे पाणी फुटून अॅनिमास नदी नारिंगी झाली, ती आम्लामुळे आणि धातूंमुळे. आपल्याकडे तो प्रकार नाही, तेव्हा आम्ल मारायला म्हणून नाल्यात चुना ओतू नये. तपासायचेच तर पाण्यातले तेल आणि सुरुंगाच्या दारूतून उतरणारे नायट्रेट तपासा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे.

उपसलेले गढूळ पाणी खड्ड्यात साठवा. 10,000 लिटरला 300 ग्रॅम तुरटी विरघळवून घाला, त्याआधी बादलीत प्रयोग करून प्रमाण ठरवा. वाहत्या नाल्यात तुरटी टाकून काही होत नाही.

निघालेला माल काठावर रचला तर पुढच्या पावसात तो परत नाल्यात येतो. धरणातला गाळ शेतात चालतो म्हणून हाही नेऊ नका. यात सेंद्रिय कर्ब नाही आणि जाड थराचा पापुद्रा धरतो, त्यातून अंकुर वर येत नाही. माती मिसळलेली ही भुकटी काँक्रीटलाही चालत नाही. जोत्याच्या भरावाला, रस्त्याच्या कडेला किंवा बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यात ती जिरवता येते. मात्र उचलण्याआधी तलाठ्याकडून पंचनामा आणि तहसीलची लेखी परवानगी घ्या, नाहीतर गौण खनिजाची (दगड, मुरूम, वाळू यांची) चोरटी वाहतूक म्हणून ट्रॅक्टर अडकतो.

– जलसंधारणाच्या कामातील काही जण, धुळे