रोप लावायला शंभर, पाणी घालायला चौघं

संपादक साहेब, नमस्कार.

मी रिटायर झाल्यापासून रोज सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. 5 जूनला, म्हणजे पर्यावरण दिनाला, तिथं पाय ठेवायला जागा नसते, बॅनर काय, टीशर्ट काय, एका रोपाला आठ जणांचे हात लावून फोटो, आणि पुढच्या एप्रिलात त्याच रोपाला पाणी घालायला आम्ही चार म्हातारे, तेही तेलाच्या रिकाम्या पाच लिटरच्या कॅनमधून, खालून चढवत. एक कॅन दोन रोपांना पुरतो, आळ्यात वाळलेलं गवत अंथरलं तर ओल जरा जास्त टिकते, एवढंच तंत्र आहे, त्याला डिग्री लागत नाही.

आणि रोपं म्हणजे काहीही नको हो. पूर्वी वनखात्यानं टेकड्यांवर गिरीपुष्प लावलं, ते मूळचं मध्य अमेरिकेकडचं, पटकन हिरवं दिसतं पण त्याच्याखाली आपलं काही फारसं उगवत नाही. सालई, हिवर, खैर ही इथली झाडं. शिवाय टेकडीवरचं गवत म्हणजे मोकळी जागा नाही, टिटवी तिथं उघड्यावर चार अंडी घालते, खड्याच्या रंगाची, पायाशी असली तरी दिसत नाहीत.

खरी भीती वणव्याची. मागच्या वर्षी मार्चमध्ये कुणीतरी विडी टाकली असेल नाहीतर मुद्दाम लावली असेल, आम्ही ओल्या पोत्यांनी आणि हिरव्या फांद्यांनी झोडपत बसलो, तोवर दोन वर्षं जगवलेली रोपं काळी झाली, आणि कठड्यावर उभं राहून व्हिडिओ काढणारे कमीत कमी पंधरा तरी होते (त्यातला एक तर मलाच म्हणाला, काका जरा बाजूला व्हा).

म्हणून म्हणतो, जूनमध्ये नाही आलात तरी चालेल, डिसेंबरात या. गवत वाळलं की जाळरेषा काढायची असते, म्हणजे पट्ट्यातलं गवत कापून जमीन उघडी ठेवायची, आग तिथं अडते. हे वनरक्षकाला विचारूनच करायचं, स्वतःच्या मनानं काडी लावायची नाही. रविवारचे दोन तास पुरतात. आणि धूर दिसला तर आधी 1926 ला, म्हणजे वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन करा, व्हिडिओ नंतर. विळे आमच्याकडे आहेत, हातमोजे मात्र ज्याचे त्यानं आणावेत, कुसळं फार लागतात.

– एक टेकडीकर, कोथरूड, पुणे