कच्चं कोंबडखत थेट भाजीच्या वाफ्यात नको

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की आमच्या जुन्नर भागात कोंबडखताच्या गाड्या सुरू होतात. ब्रॉयलरची, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांची, बॅच उठली की शेडमधलं तूस, भुसा, विष्ठा सगळं एकत्र पोत्यात भरतात आणि ते जसंच्या तसं बांधावर येऊन पडतं. दावणीला जनावरंच उरली नाहीत तर शेणखत आणायचं कुठून, मग शेतकरी याच्याकडे वळणारच, मीही वळलो आणि आजही वापरतो. खत चांगलंच आहे, कच्चं टाकू नका एवढंच माझं म्हणणं.

चार वर्षांपूर्वी टोमॅटोच्या बेडमध्ये मी ते भरलं. विकणारा म्हणाला कुजलेलं आहे, आणि मी पोत्यात हात घालूनसुद्धा बघितलं नाही, वरून माती ओढली, ड्रिप टाकलं, मल्चिंगचा प्लास्टिक कागद अंथरला आणि आठवड्यात रोपं लावली. पाचव्या दिवशी पानांच्या कडा करपायला लागल्या, एक रोप उपटलं तर पांढरी मुळी तपकिरी पडलेली, मल्चिंगच्या भोकाशी नाक नेलं तर अमोनियाचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी आलं. निम्मा प्लॉट परत लावावा लागला.

नंतर कारण कळलं. कोंबडी वेगळी लघवी करत नाही, विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो ते युरिक ॲसिड असतं, ओल लागली की त्याचा युरिया आणि पुढे अमोनिया होतो. त्यात शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का आणि कोंबडखतात ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शेणखताच्या हिशोबाने ट्रॉल्या ओतल्या तर मुळी जळणारच. लेअरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या, खतात खाद्यातला चुना पण येतो, ज्यांची जमीन आधीच चुनखडीची आहे त्यांनी याचा विचार करावा.

पण रोपं मेली तर नुकसान माझं एकट्याचं, भाजीचं तसं नाही. कोथिंबीर, मुळा, गाजर, कांद्याची पात आपण कच्ची खातो आणि कच्च्या कोंबडखतात साल्मोनेला, ई. कोलाय असे जंतू असू शकतात. अमेरिकेत सेंद्रिय शेतीचा नियम आहे, खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर कच्चं खत काढणीच्या किमान १२० दिवस आधी मातीत मिसळायचं, लागत नसेल तर ९० दिवस. आपली कोथिंबीर ४०-४५ दिवसांत बाजारात जाते, मग आज खत टाकून उद्या बी फोकलं तर हा हिशोब बसायचा कसा?

कुजवणं काही अवघड नाही. मी उसाचं पाचट नाहीतर वाळका पाला आणि कोंबडखत थरावर थर देऊन तीन-चार फुटी ढीग लावतो, मुठीत दाबल्यावर थेंब-दोन थेंब यावेत एवढंच पाणी मारतो आणि वरून झाकतो, म्हणजे माश्या कमी होतात आणि वळवाच्या पावसात सगळं ओढ्याला वाहून जात नाही. आत ५५ ते ६५ अंश उष्णता चढते, पहार खुपसून दहा मिनिटांनी काढली की हातात धरवत नाही. दर आठवड्याला पलटी द्यायची, बाहेरचं आत गेलं पाहिजे, नाहीतर कडेचे जंतू तसेच राहतात. दोन महिन्यांत ढीग गार होतो, वास मातीसारखा येतो. थोडं नत्र उडून जातं हे खरं, पण पाचट भरपूर घातलं की कमी उडतं.

माझी कृषी विभागाला विनंती आहे की गांडूळ खताला, शहरी कचऱ्याच्या सिटी कंपोस्टला जशी मानकं लावलीत तशी या पोत्यांवरही निदान कच्चं की कुजवलेलं, लेअरचं की ब्रॉयलरचं आणि शेडमधून कधी काढलं एवढं छापायची सक्ती करा, नुसतं तोंडी सांगण्यावर शेतकऱ्याने किती विश्वास ठेवायचा. आणि साहेब, तुमच्या शेतीच्या पानावर कुजवायची पद्धत मार्चमध्येच छापा, कारण मे मध्ये गाड्या रिकाम्या होतात आणि जूनला ते खत वाफ्यात गेलेलं असतं.

आपला,
एक भाजीपाला उत्पादक, ता. जुन्नर, जि. पुणे