ताई, तुम्ही आधी झोपेचं विचारलंत

प्रिय आशाताई,
सप्रेम नमस्कार.

22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणच्या नदीकाठच्या वस्तीत तुम्ही आशा स्वयंसेविका म्हणून घरोघरी फिरलात, ते ओआरएसची पाकिटं, क्लोरीनच्या आणि लेप्टो ताप टाळायच्या गोळ्या घेऊन. मनाचं काम तुमच्या यादीत नव्हतं. तरी वहीच्या मागच्या पानांवर तुम्ही जे टिपत गेलात, त्याने आम्हा समुपदेशकांचं निम्मं काम हलकं झालं. त्याचे हे जाहीर आभार. इतर आशाताईंनाही उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

'पुरात काय काय झालं ते सांगा' असं तुम्ही कुणाला म्हणाला नाहीत. तुम्ही तीनच गोष्टी विचारल्यात: रात्री जाग किती वाजता येते, उठून काय करता, आणि त्या वेळी घरात आणखी कोण जागं असतं? तिसरा प्रश्न आमच्या छापील फॉर्ममध्येही नव्हता. त्याखाली एका घराची तुमची नोंद आहे: '2.10. बॅटरी. गटाराकडे. बायको जागी, बोलत नाही. मुलगी दप्तर उशाशी.'

या एका ओळीत सगळं घर आलं. पत्र्यावर सर वाजली की त्या माणसाच्या मेंदूतली धोक्याची घंटा वाजते. हा आजचा पाऊस की त्या रात्रीचा, हे ती घंटा पाहत नाही. तो उठतो, पाणी चढलेलं नाही हे बघून येतो, घटकाभर बरं वाटतं. तेवढ्या सुटकेमुळेच सवय पक्की होते आणि पुढच्या सरीला पुन्हा उठावं लागतं. बायको झोपेचं सोंग घेते, कारण काही विचारलं तर तो खेकसतो. मुलगी दोघांवर कान ठेवून पडून राहते. एकाचा धसका, जागरण तिघांचं. सकाळी चहाच्या वेळी भांडण होतं ते साखरेवरून.

घरच्यांना हा आजार दिसतच नाही, त्यांना दिसतो तो स्वभाव. 'पुरापासून तिरसट झालाय', 'हिचं कशात लक्षच नाही', 'पोराला वळण राहिलं नाही.' मन बधिर झालेला नवरा जवळ येत नाही, तेव्हा बायकोला वाटतं माया आटली. शाळकरी मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं आणि मार खातं. तुम्ही त्या घरात 'हा रोग आहे' असं सांगत बसला नाहीत, 'पाऊस नसतो त्या दिवशीही असाच वागतो का?' एवढंच विचारलंत. बायकोने आठवून पाहिलं आणि तिचं तिलाच उमगलं. आम्ही दोन बैठका घेऊन जे करतो, ते हेच.

पहिल्या आठवड्यात वस्तीतल्या लोकांना गोल बसवून एकेकाला सगळं सांगायला लावायचं, असा घाट काही उत्साही मंडळींनी घातला होता. तुम्ही तो टाळलात, हे बरं केलंत. अशा एकाच बैठकीने पुढचा त्रास टळत नाही, काहींचा उलट वाढतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. पहिल्या दिवसांत लागतं ते कोरडं अंथरूण, गरम जेवण आणि हरवलेल्या माणसाची खबर. बहुतेकांचा धसका काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. महिना उलटूनही तीच स्वप्नं, तेच दचकणं, त्याच रस्त्याला टाळणं चालू असेल, तर मात्र थांबू नये.

श्वासाचा व्यायाम बहुतेक ठिकाणी फसतो, कारण तो घाबरल्यावर शिकवतात. तेव्हा डोकं काही शिकायच्या जागेवर नसतं. तुम्ही तो दुपारी, जेवणं झाल्यावर पडवीत शिकवलात: चार आकड्यांत श्वास आत, सहात बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. लांब उच्छ्वासाने छातीतली धडधड उतरते. पंधरा दिवस अंगवळणी पडला की रात्री आठवतो. स्वप्नातून ओरडत उठणाऱ्याला गदागदा हलवायचं नाही, हेही तुम्ही सांगितलंत. दिवा लावायचा, पायथ्याशी उभं राहून नाव घ्यायचं, आजचा वार सांगायचा, 'आपण घरात आहोत, जमीन कोरडी आहे' म्हणायचं आणि पाय फरशीवर टेकवायला लावायचे.

गटाराच्या फेऱ्या तुम्ही एकदम बंद करायला लावल्या नाहीत, हे आम्हाला फार आवडलं. 'काही होत नाही' या वाक्यावर पूर पाहिलेला माणूस विश्वास ठेवत नाही, आणि का ठेवावा? त्याऐवजी तुम्ही घरात ठरवून घेतलंत: कागदपत्रांची पिशवी माळ्यावर, नदीने इशारा पातळी गाठल्याचं कळलं की आजीला घेऊन कोण निघणार, जायचं कुणाकडे. हवामानाची बातमी रात्री नऊला एकदाच, पुराचे व्हिडिओ ग्रुपवरून पुसून टाकायचे. मग फेऱ्या तीनवरून दोन, दोनवरून एक. मुलीला मात्र पहारा नाही. तिला सांगायचं, 'बघायचं काम मोठ्यांचं, तू झोप.' मुलं खेळात घर बुडवतात, होडी काढतात, ते थांबवायचं नाही. तोच खेळ रोज त्याच भीतीवर येऊन अडत असेल, तरच तज्ज्ञाला दाखवायचं.

गणपतीत चाकरमानी आले, घर भरलं, गटाराकडे जाणारा तो माणूस आठवडाभर शांत झोपला आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. चाकरमानी परतल्यावर दुपटीने उसळलं. हे होणार, असं तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, म्हणून घर खचलं नाही. देवाला गाऱ्हाणं घालायलाही तुम्ही आडकाठी केली नाहीत. गाऱ्हाणं घाला आणि सोमवारी दवाखान्यातही चला, म्हणालात.

दोन बाबतींत तुम्ही अजिबात नमला नाहीत. एक, दारू. तिने झोप लागते, पण उत्तररात्री मोडते आणि स्वप्नं भडक होतात. दुकानातून आणलेल्या झोपेच्या गोळ्यांनाही तुमचा नकारच होता. या त्रासावरची औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरने द्यायची आणि गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, हे तुम्ही आधी बजावलंत. नाहीतर आठव्या दिवशी पाकीट फेकलं जातं. दुसरी, हात उगारणं. धसक्याने राग येतो हे खरं, पण त्याने मार माफ होत नाही. तुम्ही बायकोला विहिरीवर एकटीला गाठून विचारलंत, नवऱ्यासमोर नाही, आणि महिलांच्या मदतीचा 181 हा नंबर वहीत नव्हे, तिच्या पाठांतरात ठेवलात. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस ही सरकारी फोनसेवा 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, तेव्हापासून 14416 तुमच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आहे. जीव द्यायची भाषा ऐकली की तुम्ही त्या माणसाला एकटं सोडत नाही, स्वतः बरोबर जाता.

आमच्या फॉर्ममध्ये आता 'त्या वेळी घरात आणखी कोण जागं असतं?' हा प्रश्न पहिला आहे. मागच्या पानांच्या झेरॉक्स काढायला वही दोन दिवस द्याल का? नावांवर आम्ही कागद ठेवून काढू. आणि पावसाळा तोंडावर आलाय, तोवर तिला प्लॅस्टिकचं कव्हर घाला.

आपले,
समुपदेशक मंडळी