जुन्या ऑस्ट्रेलियाचे फोटो जरूर छापा, पण नाव-गाव-सालासकट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही ऑस्ट्रेलियाचे जुने फोटो पानभर छापलेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, त्यावरून हे पत्र. आधी थँक्यू म्हणते, कारण असल्या विषयाला मराठी पेपरात अख्खं पान मिळणं ही साधी गोष्ट नाही, आणि फोटोही छान निवडलेत. पण एकाही फोटोखाली तो कुठला, कुठल्या सालचा, कोणी काढला, मूळ कुठे ठेवलाय यातलं काहीच नाही, सगळ्यांना मिळून वर एकच ओळ की बघा शंभर वर्षांपूर्वीचं साधंसोपं आयुष्य, आणि त्यातले दोन-तीन तर कॉम्प्युटरवर रंगवलेले. मला याचं खरंच वाईट वाटलं. हे फोटो मी कितीतरी रात्री बघत बसलेय, तिथल्या लायब्रऱ्यांनी आणि म्युझियमनी ते इंटरनेटवर फुकट ठेवलेत, आणि बघून बघून माझं मत असं झालंय की खालची ओळ काढली की अर्धा फोटोच गेला.

तुमच्याच पानावरचा समुद्रात डुंबणाऱ्या लोकांचा फोटो घ्या. सिडनीच्या किनाऱ्यांवर लोकांना दिसेल असं दिवसाउजेडी समुद्रात उतरायला तेव्हा बंदी होती. १९०२ मध्ये मॅनली या सिडनीच्या समुद्रकाठच्या उपनगरातल्या एका स्थानिक पेपरचा संपादक विल्यम गोशर, त्याने आधी जाहीर करून भर दिवसा आंघोळ केली, आणि पुढच्या वर्षी तिथल्या कौन्सिलने गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पोशाख असेल तर दिवसा पोहायला परवानगी दिली. म्हणजे तो फोटो १९०१ चा असेल तर ती माणसं कायदा मोडतायत आणि १९०५ चा असेल तर सुट्टीची मजा करतायत! साल नसेल तर वाचकाने काय समजायचं? तसंच वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या कॅलगुर्ली या गावाचं. तिथे सोन्याच्या खाणी होत्या पण पाणी नव्हतं, प्यायचं पाणी विकत घ्यावं लागायचं, खारं पाणी उकळून त्याच्या वाफेचं पाणी करायचे, मग १९०३ मध्ये पर्थजवळच्या मंडारिंगच्या धरणातून पाचशेहून जास्त किलोमीटर पाइपलाइन टाकून तिथे पाणी आणलं. आता घरासमोर बादली घेऊन उभ्या असलेल्या बाईचा फोटो १९०२ चा आहे की १९०४ चा, यावर त्या बादलीतल्या पाण्याची किंमत ठरते.

बरं, फोटो काढत कोण होतं हाही प्रश्न आहेच. १९०० मध्ये कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा आला, अमेरिकेत एक डॉलर आणि ब्रिटनमध्ये पाच शिलिंग, तेव्हापासून घरगुती फोटो वाढले. ऑस्ट्रेलियात १९०७ साली जस्टिस हिगिन्सनी तो प्रसिद्ध हार्वेस्टर निकाल दिला त्यात नवरा-बायको आणि तीन मुलं यांच्या साध्या संसाराला मजुराला दिवसाला निदान सात शिलिंग मिळायला हवेत असं ठरवलं होतं, त्यावरून अंदाज घ्या की कॅमेरा अगदी आवाक्याबाहेर नव्हता पण फिल्म आणि धुलाई धरून मजुराच्या घरातला रोजचा खेळही नव्हता. म्हणून घरगुती अल्बम जास्त करून बऱ्या परिस्थितीतल्या लोकांचे. सिडनीत आर्थर विग्रॅम ॲलन नावाचे वकील होते, त्यांना फोटोंचा इतका नाद की त्यांचे ५१ अल्बम आज न्यू साउथ वेल्सच्या स्टेट लायब्ररीत आहेत, पिकनिक, मोटारी, बोटी, घरातली मुलं, सगळं व्यवस्थित लिहून ठेवलेलं. फार गोड फोटो आहेत, मला आवडतात. पण ते एका वर्गाचे.

मग गरिबांचे, साध्या माणसांचे फोटो कोणी काढले? हॅरल्ड कॅझनो हे नाव घ्यायलाच हवं, ते सिडनीच्या स्टुडिओत नोकरीला होते आणि येता-जाता गल्लीतली पोरं, धक्क्यावरची माणसं टिपायचे, १९०९ मध्ये त्यांनी स्वतःच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. पण असे थोडे. जास्त फोटो अशा लोकांनी काढलेत ज्यांना आयुष्य वगैरे काही टिपायचंच नव्हतं, त्यांना सरकारी काम उरकायचं होतं. आणि माझ्या मते रोजचं आयुष्य सगळ्यात खरं दिसतं ते याच फोटोंमध्ये, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

१९०० च्या सुरुवातीला सिडनीत प्लेग आला. ३०३ जणांना झाला आणि १०३ माणसं गेली. धक्क्याला लागून असलेल्या द रॉक्स आणि आसपासच्या वस्त्या सरकारने बंद केल्या, धुतल्या, चुना मारला, घरंच्या घरं पाडली, चाळीस हजारांहून जास्त उंदीर मारून जाळले, आणि हे सगळं करताना प्रत्येक ठिकाणचे फोटो काढून ठेवले. त्याचे सहा जाड अल्बम आहेत, फोटोग्राफर होते जॉन डेगोटार्डी धाकटे. त्यांना दाखवायचा होता कचरा, तुंबलेलं गटार, मोडकी मोरी. पण मोरीच्या शेजारी दोरीवर कपडे वाळतायत, खिडकीत कुंडी आहे, दारात एक बाई ॲप्रन लावून उभी आहे आणि कॅमेऱ्याकडे रोखून बघतेय, कारण तिच्या घराला घाण म्हणून कागदावर चढवायला माणसं आलीयेत. या फोटोंना गल्लीचं नाव आहे, कित्येकांना घरनंबरही आहे. त्या बाईचं नाव मात्र नाही. मोरीचा पत्ता लिहिला, बाईचं नाव विचारलं नाही.

उलट पोलिसांनी नावं लिहिली. १९१० ते १९३० च्या दरम्यान सिडनीच्या पोलिसांनी संशयितांचे साधारण अडीच हजार खास फोटो काढले, काचेच्या निगेटिव्हवर, आणि नाव-तारीख त्या काचेवरच हाताने खरडली. हे नेहमीचे समोरून-बाजूने काढलेले पोलिसी फोटो नाहीत, माणसं आपापल्या मनाने उभी आहेत, कोणी हॅट तिरपी घातलेली, कोणी खुर्चीत रेलून, बायका चांगला कोट घालून. त्या काळी शहरातली माणसं खरंच कशी उभी राहायची, काय घालायची हे बघायचं असेल तर मी स्टुडिओतल्या फोटोंपेक्षा हे बघा म्हणेन. पोलिसांच्या या सगळ्या साठ्यात, म्हणजे १९६४ पर्यंतच्या, साधारण १,३०,००० निगेटिव्ह आहेत, आणि पाणी शिरलेल्या गोदामातून ते वाचवलेत. थोडा उशीर झाला असता तर काही उरलं नसतं.

आणि आता जे मला सगळ्यात जवळचं वाटतं ते. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सहा वसाहती एक होऊन देश झाला, आणि त्याच वर्षी त्यांनी इमिग्रेशनचा कायदा केला की अधिकाऱ्याने कुठल्याही युरोपियन भाषेत पन्नास शब्दांचा उतारा सांगायचा आणि येणाऱ्याने तो लिहून दाखवायचा, म्हणजे नको असलेल्या माणसाला न येणारी भाषा काढायची की झालं. १९०९ नंतर या परीक्षेत कोणीही पास झालं नाही आणि ती रद्द झाली थेट १९५८ मध्ये. मग जे चिनी, भारतीय, सीरियन लोक आधीपासून तिथे राहत होते त्यांनी आईबापांना भेटायला मायदेशी जायचं ठरवलं तर परत येताना दारातच अडकायचे, म्हणून निघण्याआधी त्यांना सूट मिळाल्याचा दाखला काढावा लागे. त्या दाखल्यावर समोरून एक फोटो, बाजूने एक फोटो, आणि हाताचा ठसा. असे हजारो दाखले ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत आणि बरेचसे घरी बसून बघता येतात. पगडी घातलेले पंजाबी फेरीवाले, जे घोडागाडीत कापड, सुया-दोरे, साबण भरून दूरदूरच्या शेतांवर विकत फिरायचे, उंटवाले ज्यांच्या उंटांवरून रेल्वे नसलेल्या भागात लोकर आणि सामान जायचं, चिनी भाजीवाले, काही दाखल्यांवर तर लहान मुलं. माणूस बाहेरचा ठरवायला हे कागद केले होते, पण त्याच्यामुळेच आज त्यांचं नाव, वय, गाव, चेहरा, तळहाताच्या रेषा सगळं आहे. तुमच्या पानावर ऑस्ट्रेलियात एकही गोरा नसलेला माणूस दिसला नाही. हे होते, आणि नावासकट होते.

ज्यांची नावं खरोखर पुसली गेली ते तिथले मूळ रहिवासी. सिडनीतल्या चार्ल्स केरींसारख्या मोठ्या स्टुडिओंनी त्यांना रंगवलेल्या पडद्यापुढे, हातात भाला-ढाल देऊन बसवलं, पोस्टकार्डं छापून विकली, आणि खाली लिहिलं काय, तर मूळनिवासी सरदार किंवा मूळनिवासी मुलगी, बास. १९०२ मध्ये बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं त्याच कायद्यात बहुतेक मूळनिवासींना वगळलं होतं, देशाची लोकसंख्या मोजतानाही त्यांना धरू नये असं राज्यघटनेत होतं आणि ते कलम गेलं १९६७ मध्ये. मुलं आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये नेली, त्या संस्थांचे ओळीने उभ्या मुलांचे फोटो आहेत आणि नावं नाहीत. आज त्यांच्या घरचे लोक त्या फोटोंमध्ये आपली आजी, पणजी शोधतायत, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या स्टेट लायब्ररीने तर असे फोटो त्या त्या कुटुंबांपर्यंत पोचवायला आणि नावं गोळा करायला वेगळा प्रकल्पच चालवलाय. तिथल्या वेबसाइटवर असे फोटो उघडण्याआधी सूचना येते की यात मृत व्यक्तींचे चेहरे असू शकतात, कारण त्यांच्यातल्या अनेक समाजांत ते बघणं दुःखाचं असतं. आपल्या पेपरात असा फोटो आला तर एवढी सूचना आपणही द्यावी असं मला मनापासून वाटतं.

साधंसोपं आयुष्य या शब्दांबद्दलही बोलायचंय. फोटो मोठा करून बघा, बाईचं काम किती होतं ते कळेल. परसात कपडे उकळायचं तांब्याचं भलंमोठं भांडं, खाली लाकडं, दोरी उंच धरायला दुबेळक्याच्या लांब काठ्या, या काठ्या विकणारे गल्लीत फिरायचे. व्हरांड्यात कूलगार्डी सेफ, म्हणजे लाकडी नाहीतर लोखंडी चौकट, भोवती गोणपाट, वर पाण्याचा ट्रे, त्यातून कापडाच्या पट्ट्यांनी पाणी गोणपाटावर झिरपत राहायचं आणि वाऱ्याने आत गारवा, त्यात दूध, लोणी, मांस. ट्रे भरत राहायचं काम पुन्हा तिचंच. आणि रॉकेलचे चौकोनी डबे तर प्रत्येक दुसऱ्या फोटोत! चार गॅलनचे दोन डबे एका लाकडी खोक्यात यायचे, डबा रिकामा झाला की तारेचा कान लावून बादली, कापून सपाट केला की भिंतीला पत्रा, आणि खोकी एकावर एक ठेवली की कपाट, पुढे पिठाच्या पोत्याचा पडदा. या घरांमध्ये मी कितीही वेळ रमते, पण सोपं म्हणवत नाही.

पहिल्या महायुद्धातलं एक सांगते. मेलबर्नजवळच्या ब्रॉडमेडोजच्या छावणीत भरती झालेल्या पोरांचे फोटो काढायचा परवाना डार्ज नावाच्या कंपनीकडे होता, पैसे देऊन फोटो काढायचा आणि घरी पाठवायचा. त्या कंपनीने वह्यांमध्ये गिऱ्हाइकांची नावं लिहून ठेवली, १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल या युद्धस्मारक-संग्रहालयाने काचेच्या निगेटिव्ह आणि वह्या दोन्ही विकत घेतल्या, म्हणून आज साधारण १९,००० निगेटिव्हमधल्या कितीतरी पोरांची नावं सापडतात. पन्नास लाखांहून कमी वस्तीच्या त्या देशातली जवळजवळ साठ हजार माणसं त्या युद्धात गेली. दुकानदाराने हिशेबासाठी लिहिलेली वही, तिच्यावरून घरच्यांना आपला माणूस सापडतो.

रंगवण्याचं थोडक्यात. तेव्हाच्या बहुतेक काचांवर आणि फिल्मवर लाल रंग उमटायचाच नाही, तो काळा दिसायचा, आणि निळं आकाश पांढरंफटक. म्हणजे फोटोत काळा दिसणारा ड्रेस लाल असू शकतो. कॉम्प्युटरला हे कुठून कळणार, तो अंदाजाने करडा नाहीतर तपकिरी भरतो आणि वाचकाला वाटतं असंच होतं. छापायचाच असेल तर शेजारी मूळ छापा आणि रंग नंतर भरलाय असं स्पष्ट लिहा.

पुढचं पान कराल तेव्हा एवढं करा की प्रत्येक फोटोखाली जागा, साल, फोटोग्राफर, संग्रहाचं नाव आणि तिथला नंबर द्या, आणि जे माहीत नाही तिथे माहीत नाही असं लिहा. शोधायला त्रास नाही, तिथल्या नॅशनल लायब्ररीची ट्रोव्ह नावाची साइट २००९ पासून आहे, पैसे लागत नाहीत, आणि सिडनीच्या पॉवरहाउस म्युझियमने २००८ मध्ये जुने फोटो फ्लिकर या फोटोंच्या साइटवर टाकले तेव्हा लोकांनीच गल्ल्या आणि इमारती ओळखून दिल्या होत्या, म्हणजे माहिती नंतरही भरता येते. हव्या त्या फोटोंची माहिती मी शोधून पाठवते, आवडीचं काम आहे. मात्र सुरुवात करायची तर समुद्रकिनारा जरा मागे ठेवा आणि प्लेगच्या अल्बममधला एक, दाखल्यांमधला एक असे दोन तरी फोटो आधी घ्या.

कळावे,
आपली एक नियमित वाचक