पाडलेल्या पुलाची एक तुळई आम्हाला द्या

माननीय मार्ग व मकान खात्याचे मंत्री, गुजरात राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातल्या मराठी घरातला. जुन्या आरसीसी बांधकामात सळया गंजल्यावर त्याची ताकद किती उतरते, याचे संगणकावर गणित मांडणे हा माझ्या पीएच.डी.चा विषय. आजीला अजून पटलेले नाही. ‘त्यात शिकायचं काय, गंज खरवडायचा नि रंग मारायचा,’ म्हणते.

9 जुलै 2025 ला पादरा तालुक्यातला गंभीरा पूल मही नदीत कोसळला, किमान 20 माणसे गेली. पूल 1985 चा. पेडेस्टल (तुळईखालचा आधार) आणि आर्टिक्युलेशन (तुळयांचा सांधा) चिरडले गेल्याचे सरकारने प्राथमिक कारण सांगितले. त्याचे खापर मी गंजावर फोडत नाही. पण त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येकाने मला एकच विचारले : ‘बाकीचे पूल किती वर्षं टिकतील, तू तर हेच शिकतोस ना?’ मला उत्तर देता आले नाही. का आले नाही, तेच सांगायला हे पत्र.

ताज्या काँक्रीटचा पीएच 12.5 च्या वर असतो. त्या क्षारतेत सळईवर डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो आणि तो शाबूत आहे तोवर लोखंड गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो, पीएच 9 च्या खाली आणतो आणि पापुद्रा सुटतो. मिठातले क्लोराइड पोचले तर पीएच न उतरताही तो जागोजागी फुटतो. कार्बोनेशनची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या या मुरण्याची, खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, 30 मिमीऐवजी 15 मिमी राहिले तर संरक्षणाचा काळ निम्मा नाही, चौथाई होतो. मिस्त्रीने सळईखाली मापाच्या कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवला की एवढे नुकसान!

इथवर गणित चालते. अडते ते पुढे. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, काँक्रीट आतून फाटते, पोपडे पडतात. हे घडायला दशके लागतात आणि माझी फेलोशिप काही वर्षांची. मग आम्ही प्रयोगशाळेत तुळई मिठाच्या पाण्यात बुडवतो आणि सळईत वीज सोडतो. निसर्गात दर चौरस सेंटिमीटरला 1 मायक्रोअँपिअरच्या आसपास प्रवाह असला तरी गंज चांगलाच जोरात आहे असे समजतात. आम्ही 100, 200 सोडतो. काही आठवड्यांत सळई गंजते खरी, पण सगळीकडून सारखी, आणि ओला गंज भेगांतून वाहून जातो. खऱ्या पुलात तसे होत नाही. तिथे क्लोराइडमुळे खड्डे पडतात, सरासरीच्या चार ते आठ पट खोल, आणि सळई तुटते ती त्या खड्ड्याशी. घाईच्या गंजावर बेतलेले मॉडेल चाळीस वर्षांच्या पुलाबद्दल छातीठोक काय सांगणार?

आम्हाला खरी म्हातारी तुळई हवी. दरवर्षी जुने पूल, मोऱ्या, पाण्याच्या टाक्या पाडल्या जातात आणि सळया थेट भंगारात जातात. एका जागी मी स्वतः गेलो होतो. ठेकेदार म्हणाला, साहेबांची सही आणा. कार्यालयाने अर्ज वरच्या कार्यालयाकडे पाठवला. सही अकराव्या दिवशी मिळाली. सळया चौथ्याच दिवशी वजनावर गेल्या होत्या.

म्हणून मागणी अशी : पाडकामाच्या निविदेतच एक कलम घाला. तुळईचा तीनेक मीटरचा तुकडा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला द्यावा, सोबत बांधकामाचे वर्ष आणि तपासणीत नोंदलेले कव्हर, हाफ-सेलचे (गंजाची शक्यता सांगणाऱ्या विद्युत चाचणीचे) आकडे, कोअरची (कापून काढलेल्या काँक्रीटच्या नमुन्याची) ताकद. अहवाल उघड केले तर लोक घाबरतील, असे मला ऐकवले गेले. मला वाटते, गंभीरानंतर लोक घाबरलेलेच आहेत. तरी हरकत असेल तर पुलाचे नाव झाकून द्या, गणिताला नाव लागत नाही. लागते वय आणि हवा : नंदेसरीच्या कारखान्यांजवळचे बांधकाम आणि छोटा उदेपूरकडचे बांधकाम सारखे गंजत नाही.

खर्चाची चिंता नको. क्रेन तुमच्या पाडकामावर असतेच. टेम्पोचे भाडे मी बोलून ठेवले आहे.

आपला नम्र,
पीएच.डी.चा एक विद्यार्थी, बडोदे