खलाशांची वेतननोंद नौकेच्या परवान्याशी जोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५ च्या गणपतीनंतरच्या आठवड्यात आमच्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या, मूळच्या नेपाळच्या एका तीस वर्षांच्या खलाशाचा उजवा हात ट्रॉलरवरील विंचच्या, म्हणजे जाळे ओढणाऱ्या यंत्राच्या, वायरमध्ये सापडला आणि तो कोपरापासून काढावा लागला. मालकाने दवाखान्याचा खर्च केला, वर चाळीस हजार रुपये दिले आणि ‘यापुढे माझी कोणतीही मागणी नाही’ अशा मजकुराच्या मुद्रांकावर त्याच्या डाव्या हाताचा अंगठा उठवून घेतला. रत्नागिरीच्या बंदरावर अशी तडजोड कोणालाही वावगी वाटत नाही, म्हणून हे पत्र.

यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या जहाजावरील खलाशाचा समावेश अपघाताच्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत होता. त्याचे स्वतःचे लक्ष चुकले असले, तरी केवळ तेवढ्यावरून मालकाची जबाबदारी टळत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार या कायद्याच्या कलम १७ नुसार निरर्थक ठरतो, त्यामुळे त्या मुद्रांकाला काहीही किंमत नाही. कायम पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे असते. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेतील १५,००० रुपयांची वेतनमर्यादा आणि तिसाव्या वर्षाचा २०७.९८ हा गुणक धरला, तर ही रक्कम १८,७१,८२० रुपये होते. एका हाताला पूर्ण अपंगत्व कसे म्हणावे, असे कोणी विचारील. परंतु डावा हात गमावलेला सुतार सुतारकाम करूच शकत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव खटल्यात १९७५ मध्येच मान्य केले आहे. जाळे ओढणाऱ्या खलाशाची स्थिती याहून वेगळी नाही. महिनाभरात भरपाई न दिल्यास १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारण नसल्यास दंडही होऊ शकतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असून मालकाची ही जबाबदारी तिच्या सातव्या प्रकरणात कायम आहे. केंद्राच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतील पाच लाखांचा अपघात विमा स्वागतार्हच आहे, पण तो मालकाच्या देण्याला पर्याय होऊ शकत नाही.

खरी अडचण कागदाची आहे. खलाशाला नेमणूकपत्र नसते, पगार तांडेलाच्या, म्हणजे नौकेच्या प्रमुखाच्या, हातून रोख मिळतो आणि काही नौकांवर तर पगाराऐवजी मासळीच्या उत्पन्नातला नुसता वाटा ठरलेला असतो. म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाने नौकेच्या परवान्याचे नूतनीकरण करताना प्रत्येक खलाशाचे नाव, ठरलेले वेतन आणि मालकाच्या दायित्वाचा विमा यांची नोंद सक्तीची करावी व तिची प्रत खलाशाला द्यावी. विम्याचा हप्ता लहान नौकामालकांना जड जाईल, हे मी जाणतो. त्यासाठी शासनाने अनुदान द्यावे, परंतु तो भार जखमी माणसावर टाकू नये.

दावा दाखल करण्यास दोन वर्षांची मुदत असते. आमच्या शेजाऱ्याचा अर्ज तयार आहे. तो त्या नौकेवर कामाला होता हे दाखवणारा एकच कागद म्हणजे तो मुद्रांक, आणि तो मालकाच्या कपाटात आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, रत्नागिरी