बाटलीत शाई कुठली आहे ते तरी सांगा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी सांगलीत विश्रामबागला राहते, पाचवी ते आठवीच्या पोरांच्या ट्यूशन घेते, त्यामुळं घरातला प्रिंटर रोज चालतो आणि गेली नऊ-दहा वर्षं कार्ट्रिज, म्हणजे त्यातली शाईची डबी, मी घरीच रिफिल करते. नवीन काळी कार्ट्रिज म्हणजे नऊशे-हजार रुपये आणि परीक्षेच्या दिवसात ती पंधरा दिवस पण पुरत नाही, तेवढ्या पैशात बाहेरच्या इंकच्या चार-पाच बाटल्या येतात, म्हणून रिफिल वाईट असं मला कुणी सांगू नये. पण इंक विकणारे काय आणि प्रिंटर विकणारे काय, गिऱ्हाइकाला पुरतं काही सांगतच नाहीत, त्यासाठी हे पत्र.

माझं माहेर गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे कागद सोडवून दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. झेरॉक्स डागाळल्या होत्या पण वाचता येत होत्या, कारण झेरॉक्स आणि लेझर प्रिंटची पावडर कागदावर वितळवून बसवलेली असते. पण भाडेकरूबरोबरचा करार मी माझ्या प्रिंटरवर काढून वडिलांना दिला होता, तो कागद उघडला तर वर नुसते निळसर जांभळे ओघळ आणि खाली दोघांच्या बॉलपेनच्या सह्या जशाच्या तशा ठळक. सह्या आहेत आणि मजकूर नाही! वडील कितीतरी वेळ तो कागद हातात धरून बसले होते, मला काय बोलावं सुचेना.

तेव्हा मी चौकशी केली आणि मग कळलं की इंक दोन जातीची असते. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, तो परत भिजला की वाहून जातो. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात, ते कागदावर बसले की पाण्यानं सहजासहजी हलत नाहीत. माझ्या प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये कंपनीची काळी शाई पिगमेंटचीच होती, रंगीत तीन तेवढ्या डायच्या, आणि मी दुकानातनं आणलेल्या बाटलीवर नुसतं 'ब्लॅक' लिहिलेलं, म्हणजे मी पिगमेंटच्या जागी डाय भरत होते आणि वाळलेल्या कागदावर दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात त्यामुळं कळायला काही मार्गच नाही. उलटं पण चालत नाही, डायसाठी बनवलेल्या प्रिंटरमध्ये पिगमेंट ओतली की हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, चोक होऊ शकतं, त्याची भोकं केसापेक्षा बारीक असतात.

आता मी नवीन बाटली आणली की आधी एक पान काढते, रात्रभर वाळू देते आणि सकाळी अक्षरावर पाण्याचा थेंब टाकून बोट फिरवते. बाकी रिफिल करायला अवघड काही नाही, कार्ट्रिजवरचं लेबल सोलायचं, छिद्रातनं सिरिंजची सुई आतल्या स्पंजात घालायची आणि पाच-सहा मिली शाई अगदी दमानं सोडायची, घाई केली की आत हवा धरते आणि मधेमधे पांढऱ्या रेघा येतात. खालनं शाई गळायला लागली तर जास्त झाली, टिश्यू पेपरवर टेकवून ठेवायची. आणि कार्ट्रिज ठणठणीत कोरडी होईपर्यंत अजिबात चालवू नका, माझ्यासारख्या प्रिंटरमध्ये शाई तापवून उडवतात आणि तीच शाई हेडला गार पण ठेवते, कोरडं चाललं की हेड जळतं आणि मग रिफिल करून उपयोग नाही.

दुसरं कंपन्यांचं. माझ्या दिरांचं मिरजेत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तिथं दुसऱ्या मेकची कार्ट्रिज वर्षभर बिनतक्रार चालली आणि एक दिवस प्रिंटरनं आपोआप अपडेट घेतलं आणि कार्ट्रिज चालणार नाही म्हणून मेसेज दाखवायला लागला, बाहेर अ‍ॅडमिशनच्या पोरांची रांग. प्रिंटर आपण रोख पैसे मोजून घेतलाय, मग त्यात काय घालायचं ते कंपनी नंतर कसं काय ठरवणार? २०१६ साली एचपीनं असं अपडेट आणल्यावर लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा त्यांना माफी मागावी लागली, आणि २०२० मध्ये इटलीत याच कंपनीला १ कोटी युरोचा दंड झाला, त्यातलं एक मुख्य कारण हेच की बाहेरची कार्ट्रिज चालणार नाही हे विकताना ग्राहकाला नीट सांगितलं नव्हतं. आपल्याकडं पण खोक्यावर ठळक मराठीत छापायला लावा की, ज्याला परवडेल तो घेईल.

सांगली-मिरजेतल्या दुकानदारांना हात जोडून विनंती आहे, बाटलीवर डाय का पिगमेंट एवढी चिठ्ठी तरी चिकटवा आणि कुणी करार, दाखला असलं काही काढणार असेल तर त्याला तोंडी सांगा. आणि एक राहिलंच, ई-कचऱ्याच्या नियमात प्रिंटरबरोबर कार्ट्रिज पण धरलेल्या आहेत, मग त्या आपल्या भागात नक्की कुठं द्यायच्या हे आपल्या पेपरात पत्त्यासकट छापाल का? माझ्याकडं चपलेच्या खोक्यात अकरा पडून आहेत, घंटागाडीत टाकायला मन होत नाही.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली